पट्टीवाल्या बाईच्या दोन चुंबळी

पट्टीवाली बाई कधी बसलेली आमच्या गावात कोणी पाहिली नाही. चहा उभ्यानं प्यायची, तोही फुंकर न घालता. नोंदवहीत लिहायचं असलं की वही भिंतीला टेकवायची. बोलता बोलता या पायावरून त्या पायावर जायची, जशी शेळी दाव्याला ओढ देते. आणि अशी ही बाई दुसऱ्याला मात्र सांगायची, "पाच मिनिटं गप बसा. बोलू नका, पाय हालवू नका, बिडीची आठवण काढू नका." मग दंडाला पट्टी गुंडाळून रबराचा फुगा दाबायची. त्या पाच मिनिटांत ती स्वतः उपकेंद्राच्या ओसरीवर चार फेऱ्या मारून यायची.

सरकारी भाषेत ती सिस्टर. गावानं तिला पट्टीवाली केलं. तिला त्याचा राग नव्हता. म्हणायची, "आता खऱ्या नावानं कोणी हाक मारली तं मीच वळून पाहत नाई."

माझी ओळख आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सावली या तालुक्याच्या गावाहून वैनगंगेच्या अंगाला आमचं धानाचं गाव. मी बांबूचं काम करतो. चौथी शिकलो. पाचवीत गेलो तो मास्तराशी भांडून आठ दिवसांत परत आलो. टोपल्या, सुपं कोणीही करतो. मी ढोल्या विणतो, धान साठवायच्या, माणूस आत उभा राहील एवढ्या. माझ्या ढोलीतून दाणा गळला असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. ही फुशारकी नाही, आहे ते सांगतो.

माझा मोठा भाऊ खळ्यावर धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू असताना उभ्याचा आडवा झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. चौदा महिने खाटेवर होता. मी त्याला आंबील भरवायचो आणि ती ओठाच्या कोपऱ्यातून परत यायची. ज्या हातानं त्यानं मला बांबूची पहिली कामटी सोलायला शिकवली, तो हात खाटेवरून खाली लोंबला की मी उचलून वर ठेवायचो. वजन एवढं, की जसं ओलं लाकूड.

पट्टीवाली तेव्हा नुकती गावात आली होती. दादाच्या खाटेशी उभी राहून तिनं त्याचा दाब मोजला, आणि मागं वळून काही न विचारता माझाच दंड धरला.

"काऊन? मले काय झालं?"

"तेच पाहून राह्यली."

एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग डाव्या हातावर मोजलं. मग म्हणाली, "भाऊ, तुमचा दाब तुमच्या दादापेक्षा कमी नाई. ह्या खाटेच्या बाजूले दुसरी खाट टाकायची हाय काय?"

दादा ऐकत होता. त्याला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. माझं डोकं असं तापलं की काय सांगू. मी म्हटलं, "तुमची मशीन बिघडली."

"मशीनले मिजास समजत नाई, भाऊ. हाय तेवढंच सांगते."

त्या दिवसापासून मी उपकेंद्रासमोरून जाणं सोडलं. बांधावरून लांबचा फेरा घालायचो. पण ती कुठंही गाठायची. बाजारात, रेशनच्या रांगेत. एका लग्नात तर तिनं कमाल केली. वरबाप रुसून बसला होता, त्याला पान वेळेवर वाढलं नाही म्हणून. पाच जण समजूत घालत होते. ही आली, त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "पाच मिनिटं गप बसा." तो बसला. पाच मिनिटं झाल्यावर त्याला आकडा सांगितला. तो असा घाबरला की रुसवा विसरला आणि भाजीत मीठ किती आहे ते विचारायला लागला. सगळा मांडव हसला. मीही हसलो, पण दुसरीकडे तोंड करून.

दादा गेल्यावर बायको मला एवढंच म्हणाली, "तुमी पडले तं माह्यानं उचलणं होत नाई. पाहा बापा." ती रडली असती तर मी ऐकलं नसतं. ती सूप पाखडत पाखडत बोलली, म्हणून ऐकलं. जाऊन महिन्याच्या गोळ्या घेऊन आलो.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे घरात आलेली वस्तू एकट्यानं खायची नाही. उन्हाळ्यात मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आटला की सगळं गाव मासोळी धरतं, आणि तलावाच्या पाळीवर, बांधावर, ढीग घालून घरपरत सारखे वाटे करतं. जो पाण्यात उतरला त्याचा वाटा, आणि जी म्हातारी घरीच बसली तिचाही वाटा. मी लहानपणापासून तेच पाहिलेलं. एवढ्या गोळ्या घरात आल्या, आणि शेजारी म्हणतो माझंही डोकं दुखते, पलीकडच्या घरची मुक्ताबाई म्हणते मलेही गरगरते. मी काय एकट्यानं गिळू? सहा घरी पानात बांधून सारखे वाटे पाठवले. माझ्या वाट्याला ज्या उरल्या त्या मी डोकं जड वाटेल त्या दिवशी घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई हातपंपावर चक्कर येऊन पडली. कपाळ फुटलं. तिचा दाब मुळातच कमी, वरून माझी गोळी.

पट्टीवाली पळत आली. मुक्ताबाईचं कपाळ बांधता बांधता तिनं सगळं काढून घेतलं, गोळी कोणी दिली, केव्हा दिली. मग बायाबापड्यांच्या समोर माझ्यावर अशी बरसली, "गोळी म्हंजे तलावातली मासोळी हाय काय भाऊ? एवढे म्हातारे झाले, एवढं समजत नाई? ज्याचा दाब त्याची गोळी! मरता मरता वाचली ही बाई!"

साठ वर्षांत माझ्याशी या सुरात कोणी बोललं नव्हतं. मास्तर बोलला होता, तर मी शाळा सोडली होती.

ग्रामसभेत मी उभा राहिलो. म्हटलं, ही बाई वडीलधाऱ्यांचा अपमान करते, धाक दाखवते, आम्हाला अशी बाई नको. दोन-चार जणांना तिनं बिडीवरून, दारूवरून टोकलेलं होतंच. ते लगेच हो म्हणाले. अर्ज लिहिला गेला. पहिली सही माझी. मला सही चांगली येते, अंगठा मी कधी उठवला नाही.

ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "अर्ज द्या तुमी. पण भाऊचा चेहरा लाल झाला हाय, आधी त्याइले बसवा."

लोक हसले. मी उठून निघून आलो. गोळ्या बंद केल्या. का, तर ती म्हणते म्हणून घ्यायच्या नाहीत. एवढंच कारण. आज लिहिताना स्वतःलाच पटत नाही, पण तेव्हा पटलं होतं.

चार महिने असे काढले की बसवत नाही आणि उठवत नाही. विणायला बसलो की ओसरीवर यावंसं वाटायचं, ओसरीवर आलो की शेतावर जावंसं. बायको म्हणायची, "काय शोधून राह्यले?" मी काही शोधत नव्हतो. आणि एका सकाळी कामटी सोलता सोलता उजव्या हाताची दोन बोटं मेली. कोयता हातातून पडला. बोटं दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात परत जिवंत झाली. मी कोयता उचलला आणि पुढचं काम केलं. कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून घटकाघटकाला मी मूठ उघडून पाहायचो, मिटून पाहायचो. समोर दादाचा हात दिसायचा.

आणि मग ती एक दिवस माझ्या अंगणात आली. माझ्याशी नाही बोलली. बायकोला म्हणाली, "बाई, मले तणसीच्या दोन चुंबळी पायजेत. बाहेरून दोन्ही वीत वीतभर रुंद. पण एकीची भिंत बोटभर जाड आन् एकीची चार बोटं."

बायकोनं धानाची तणस, म्हणजे वाळला पेंढा, घेतली आणि डोक्यावर घागरीखाली ठेवतात तसली कडी करायला बसली. तिला विणायचं अंग नाही. एक चुंबळ अंडाकृती झाली, दुसरी सुटायला लागली. माझ्यानं बघवेना. मी तिच्या हातातून तणस ओढून घेतली, पाणी मारलं आणि दोन्ही करून दिल्या, गच्च, गोल. पट्टीवालीकडे न पाहता समोर टाकल्या.

"आता दोहीले बाहेरून दोरी गुंडाळा, आन् आवळा. दोहीले सारखंच, चार बोटं दोरी ओढली गेली पायजे. जास्त नाई, कमी नाई."

मला वाटलं हिला माझ्या हाताची परीक्षा घ्यायची आहे. म्हटलं घे. मोजून आवळलं. पातळ चुंबळीचं भोक थोडं लहान झालं, पण मूठ अजूनही आरामात जात होती. जाड चुंबळीत आधी मूठ जायची. आता करंगळी घालून पाहिली, तीही अडकली. मी दोरी सोडली, पुन्हा मोजून आवळली. पुन्हा तेच. तणस बाहेर जाऊ शकत नाही, बाहेर दोरी आहे. मग ती जाईल कुठं? सगळी आत, भोकात. चाळीस वर्षं मी गोल वस्तू विणतो आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

ती उभ्याउभ्या बोलायला लागली. आपल्या रक्ताच्या नळ्या अशाच असतात म्हणाली. नळीच्या भिंतीत मांस असतं, ते आवळतं आणि सैल होतं. आवळणं काही वाईट नाही, थंडीत आवळतं, भ्यालो की आवळतं, रागात आवळतं. पातळ भिंत आवळली तर रक्ताला वाट राहते. पण दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की भिंत जाड होते, आणि मग तेवढ्याच आवळण्यानं वाट बंद व्हायला येते. वाट अरुंद झाली की रक्त ढकलायला आणखी दाब लागतो, आणि त्या दाबानं भिंत आणखी जाड.

मी म्हटलं, "जाड काऊन होते पण? जाड झाली तं मजबूत झाली ना?"

तिनं माझा तळहात धरून उलटा केला. "हे घट्टे कोणं बसवले?"

"कोयत्यानं."

"रोज जोर पडला म्हणून चामडी जाड झाली. हात वाचला, पण आता ह्या बोटानं तुमाले रेशीम समजते काय? नळीचंही तसंच हाय."

मी एवढ्यावर गप्प बसणारा नव्हतो. म्हटलं, "बाई, राग मले जन्माचा हाय. वीस वर्षाचा होतो तवा तं मी ह्याच्याहून जास्त तापत होतो. त्याच्याही आधी, शाळेत, मास्तराची छडी मोडली मी. तवा काई नाई झालं."

"राग तेवढाच हाय, भाऊ," ती म्हणाली. "भोक उरलं नाई."

बायको तणस गोळा करायची थांबली. मी जाड चुंबळ हातात फिरवत राहिलो. मग जसं दुसऱ्या कोणाबद्दल विचारावं तसं विचारलं, "अन् एखाद्याचे बोटं मरतात घटकाभर, आन् परत येतात, ते कशानं?"

पट्टीवाली पाय हलवायची थांबली. तिला इतकी स्थिर मी पहिल्यांदा पाहिली. "कोणत्या हाताचे?"

"उजव्या."

"उद्या पहिल्या बसनं सावलीले. डॉक्टरापाशी. मी सोबत येते." मग बायकोकडे वळून, "हे नाई म्हणाले तं मले बोलवा, मी चार माणसं घेऊन येते."

मी नाही म्हटलं नाही. बसमध्ये जागा होती तरी ती उभी होती. डॉक्टरानं तपासलं, गोळ्या बदलून दिल्या, आणि म्हणाला ती बोटं म्हणजे निरोप होता, पुढच्या वेळी दादासारखा झटका निरोप न देताच येईल. परत येताना मी तिला म्हटलं, तणस काही मांस नाही. हरलो असं तिला वाटू नये म्हणून म्हटलं.

"नाई," ती म्हणाली. "मांस ऐकते. गोळीनं आधी दोरी सैल होते. मंग बरेच महिने दोरी सैलच राह्यली, तं भिंतही थोडी थोडी उतरते. पण रोज, भाऊ. एक दिवस सैल, एक दिवस गच्च केलं तं भिंतीनं समजायचं काय?"

मी रोज घ्यायला लागलो. दर पंधरा दिवसांनी पट्टी. आकडा उतरत गेला. ती कधी शाबास म्हणाली नाही, मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. एकदा आकडा चांगला आला तेव्हा फक्त म्हणाली, "कोणाशी भांडण बाकी राह्यलं असन तं आज भांडून घ्या." आम्ही दोघंही हसलो.

त्या अर्जाचं मी विसरून गेलो होतो. खरंच विसरलो होतो, हे कोणी मानो न मानो.

धानाची रोवणी संपली आणि बातमी आली, पट्टीवालीची बदली झाली. एटापल्लीच्या पलीकडे, डोंगरातल्या उपकेंद्रावर. मी बांबू चिरत होतो. मुक्ताबाई, जिचं कपाळ फुटलं होतं ती, काठी टेकत माझ्या अंगणात आली आणि उभी राहून मला म्हणाली, "झालं समाधान? तुह्या सहीनं गेली बाई."

"तुह्यासाठीच तं केली होती सही."

"मले इचारलं होतं काय? तुह्या गोळीनं पडली मी, आन् बोल तिले! माह्या कपाळाले पट्टी कोणं बांधली रे? तू?"

मी कोयता खाली ठेवला आणि सदरा चढवला.

तालुक्याच्या कचेरीत गेलो. म्हटलं, माझी सही मागं घ्यायची आहे. टेबलावरचा बाबू म्हणाला, सही मागं घ्यायचा फॉर्म नसतो. म्हटलं, मग नवा अर्ज घ्या, बाई चांगली आहे म्हणून. तो म्हणाला, ठेवून जा. मी अर्ज लिहिला, स्वतःच्या हातानं, आणि ठेवून आलो. आठ दिवस रोज गावच्या थांब्यावर जाऊन बसायचो, जसं काही उत्तर बसनं येणार होतं. आलं नाही.

ती निघाली त्या दिवशी पाऊस थांबून उकडत होतं. थांब्यावर अर्धं गाव. एक पेटी, एक पिशवी, आणि पट्टीची डबी काखेत. बाया तिच्या पिशवीत चिवडा, लोणचं कोंबत होत्या आणि ती "मीठ किती घातलं?" विचारत होती. मी मागं उभा होतो. बस वळणावर दिसली तेव्हा मी माणसं बाजूला सारून पुढं गेलो.

"बाई, तो अर्ज. पयली सही माही होती."

"माहीत हाय. सायबानं दाखोला मले. अक्षर चांगलं हाय तुमचं."

"त्याच्यानंच झाली काय बदली?"

तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं निरोपाचं धरलं. पण तिचं अंगठ्याजवळचं बोट नाडीवर होतं आणि डोळे घड्याळावर. बस येऊन उभी राहिली, कंडक्टरनं दार उघडलं, पेटी वर गेली, तरी ती मोजतच होती. मग मनगट सोडलं आणि म्हणाली, "नाई भाऊ. मी मागून घेतली बदली. तिकडं डोंगरात कोणी कोणाचा दाब मोजत नाई."

आणि चढली. आत जाऊन बसली की उभी राहिली ते गर्दीत दिसलं नाही.

याला आता चार वर्षं झाली. नवीन सिस्टर आठवड्यातून एकदा येते, शांत आहे, खुर्चीवर बसते. त्याच डोंगरातल्या सूरजागडकडून येणारा एक ट्रकवाला सांगत होता, तिकडं एक बाई पायीच गावोगाव फिरते आणि भेटेल त्याचा दंड धरते. तीच असेल. माझा उजवा हात चालतो. या पावसाळ्याआधी दोन ढोल्या विणल्या.

पण डोक्यातून ते जात नाही. तिनं आधी नाडी मोजली आणि मग उत्तर दिलं. नाडी तेव्हा पळत होती; ती संथ असती तर तिनं दुसरं उत्तर दिलं असतं काय? कचेरीत जाऊन विचारलं तर कळेल, कागद असतात. दोनदा पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. तिनं बदली मागून घेतली असेल, तर ती आम्हाला आपल्या मर्जीनं सोडून गेली. माझ्या सहीनं झाली असेल, तर मी तिला घालवली. दोन्हीतलं कोणतं बरं, हे माझं ठरत नाही, आणि ठरत नाही तोवर मला एका जागी बसवत नाही.

गोळी मात्र मी एक दिवस चुकवत नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली असेल, तर ते खोटं वाया जाऊ नये.